मशिदीची वाडी विकण्याआधी

प्रति,
कोकणातल्या बेने इस्रायल मशिदींची विश्वस्त मंडळे,
आणि मुंबई-ठाणे-पुण्यात बसून त्या मंडळांचे काम पाहणारी आपलीच माणसे

शालोम. नमस्कार.

हे पत्र समाजाबाहेरचे लोकही वाचतील, म्हणून एक खुलासा आधीच करते. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, आमच्या सिनेगॉगला, म्हणजे प्रार्थनामंदिराला, पिढ्यान्‌पिढ्या मशीद म्हणत आलो. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिली मशीद बांधली आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव तिच्यावरूनच पडले, असे आमच्या घराघरांत सांगतात. तेव्हा या पत्रात मशीद म्हटले की ती आमची, शनिवारी भरणारी.

गेल्या महिन्यात एका सभेची नोटीस माझ्या हातात पडली. विषय क्रमांक चार : ‘मशिदीच्या मागील जागेचा योग्य विनियोग करणे.’ विनियोग हा शब्द फार सोज्ज्वळ आहे. चौकशी केली तेव्हा कळले की एक पार्टी आली आहे, भाव चांगला देते आहे, त्या पैशांत मशिदीचे छप्पर दुरुस्त करावे आणि उरलेली रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकावी असा विचार चालला आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले काम पाहणारी माणसे वाईट नाहीत, आणि छपराची गळती मी स्वतः पाहिली आहे. शिवाय अशी नोटीस आज या गावात आली, उद्या दुसऱ्या गावात येणार. मांडव्याला गाडीसकट बोट लागायला लागल्यापासून अलिबागकडच्या जमिनीला जे पाय फुटलेत ते आपल्याला सगळ्यांना दिसतातच.

ती ‘मागील जागा’ म्हणजे वाडी आहे. बावीस गुंठे. मी फेब्रुवारीत जाऊन पाहून आले. एकोणीस नारळ उभे आहेत, त्यातले पाच शेंड्याकडे बारीक झालेले. सुपारीची रांग ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवी झाली, ती पुन्हा कोणी लावलीच नाही. खोडांचे ठोंब अजून तिथेच आहेत, त्यांच्यावर अळंबी उगवतात. विहिरीला पाणी आहे. काठावर रहाटाचे दोन दगडी खांब आहेत. आणि विहिरीपासून दहा पावलांवर, करवंदीच्या जाळीत, अर्धा मातीत रुतलेला एक दगड आहे. गुडघाभर उंच, आतून गुळगुळीत, कोंबड्या त्यात साचलेले पाणी पितात. शेजारचे काका म्हणाले, “ओळखला का? तुमच्याच तेल्यांचा घाणा.”

मी ओळखला नव्हता. खरे सांगते, मला तो मोठा खलबत्ता वाटला.

आपल्या मुलांना आपण शनिवार तेल्यांची गोष्ट सांगतो. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले, पोथ्या पाण्यात गेल्या, लक्षात राहिली ती एक शेमा ही प्रार्थना आणि शनिवार. पुढच्यांनी तेलाचे घाणे धरले, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. इथपर्यंत गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण या गोष्टीतल्या बैलाबद्दल कोणीच बोलत नाही. दहा आज्ञांतली शब्बाथाची, म्हणजे शनिवारच्या विसाव्याची, आज्ञा नुसती माणसासाठी नाही. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझे दास, तुझी गुरेढोरे, तुझ्या वेशीआतला परका, या सगळ्यांनी त्या दिवशी विसावा घ्यायचा आहे. म्हणजे चौल-रेवदंड्याच्या पंचक्रोशीत आठवड्यातून एक दिवस हमखास सुट्टी मिळणारे बैल आमच्या घाण्याचे. बाकीच्यांना पोळ्याची वाट पाहावी लागे. आमच्या आजोबांना हिब्रूचे अक्षर येत नव्हते, पण ही आज्ञा त्यांच्या गोठ्यात पाळली जात होती. तोरात, म्हणजे आमच्या धर्मग्रंथात, शेतीच्या गुरांचे असे पुष्कळ आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नकोस. बैल आणि गाढव एका नांगराला जुंपू नकोस. शहरात राहून ही वाक्ये वाचायची म्हणजे गाडी नसताना वाहतुकीचे नियम पाठ करण्यासारखे आहे.

आपण जमीन का सोडली, हेही स्पष्ट बोलू या. युरोपातल्या ज्यूंची कहाणी वेगळी होती. तिथे कित्येक ठिकाणी ज्यू माणसाला जमीन घेता येत नसे. झारच्या रशियात १८८२ च्या मे महिन्यातल्या कायद्यांनी तर नव्याने खेड्यात राहायला जायचीही बंदी केली. म्हणून तिथून निघालेल्यांनी शेतीचे स्वप्न पाहिले. १८८९ मध्ये पोडोलियाहून आलेल्या कुटुंबांनी अर्जेंटिनाच्या सांता फे प्रांतात मोइसेस विल वसवले. दोन वर्षांनी बॅरन हिर्शने ज्यूंना शेतीवर बसवण्यासाठी संस्थाच काढली. पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी आणि शिवणकाम केलेली माणसे घोड्यावर बसून गुरे राखायला शिकली. आजही अमेरिकेत कनेटिकटमध्ये अदामाह नावाच्या शेतावर तरुण ज्यू मुले-मुली काही महिने राहतात, भाजी पिकवतात, शेळ्या राखतात, लोणची घालतात आणि मग शहरात परततात. अदामाह म्हणजे माती. आदाम हा शब्दही त्याच मातीतून निघालेला. इंग्लंडात केंटमध्ये सादेह आहे, टोरांटोत शोरेश आहे. त्या लोकांना दोन हजार वर्षांची पोकळी भरायची आहे.

आपल्याला कोणी जमीन नाकारली नव्हती. रोहेकर, पेणकर, अष्टमकर, नागावकर, झिराडकर, चेऊलकर ही आडनावे म्हणजे गावांच्या वेशी आहेत. आपणच सोडली. आधी कंपनी सरकारच्या पलटणीत सुभेदार झालो, मग रेल्वेत, पोस्टात, कस्टममध्ये कारकून झालो, मुली नर्स आणि शिक्षिका झाल्या. यात चूक काहीच नव्हते. पण तेली म्हणवून घ्यायची लाज वाटू लागली, हेही त्यातच आले. माझ्या लहानपणी घरात घाण्याचा विषय निघाला की आत्या खिडकी लावून घेई. आता गंमत अशी की ठाण्यात माझ्या इमारतीखालच्या दुकानात ‘लाकडी घाण्याचे तेल’ काचेच्या बाटलीत मिळते, साध्या तेलाच्या दुपटीहून महाग, आणि ते विकणारा मुलगा मला त्याचे फायदे समजावून सांगतो.

१९४८ नंतर उरलेल्यांतलेही बहुतेक इस्रायलला गेले. तिथे जमीन कोणाच्या वाट्याला आली? कोचीनच्या ज्यूंना मोशावांत, म्हणजे शेतकऱ्यांच्या वस्त्यांत बसवले. नेवातिम, मेसिलात झिऑन ही त्यांची गावे. त्यांच्यातले एलियाहू बेझालेल आधी मेंढ्या राखत होते, मग निगेवच्या रखरखाटात काचघरे उभारून त्यांनी गुलाब पिकवले, इतके की भारत सरकारने त्यांना प्रवासी भारतीय सन्मान दिला. आपली मंडळी मात्र दिमोना, येरुहाम, लोद, अश्दोदला गेली आणि बहुतेक जण कारखान्यांत लागले. वचनदत्त भूमीत जाऊनही मातीत हात घालायचा राहूनच गेला. कोणाला हे वाचून राग येईल, येऊ द्या.

आपला धर्म कोकणात टिकला तो मातीच्या आणि स्वयंपाकघराच्या आधाराने टिकला. कोचीनहून शिकवणारे येऊन आपल्याला सणांची हिब्रू नावे कळण्याआधी आपण काय पाळत होतो, ते पाहा. नव्याचा सण. खिरीचा सण, म्हणजे नवे धान्य, नारळाचा रस आणि गूळ. दारफाळणीचा सण, दारे लावून घेऊन उपास. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. अनाशी ढाकायचा सण, आंबट अनाशीचे मडके झाकून ठेवायचे, ज्याला आता आपण पेसाह म्हणतो. आणि बिरड्याचा रोजा! यरुशलेमचे मंदिर पडल्याचा शोक कित्येक ठिकाणचे ज्यू राखेत उकडलेले अंडे बुडवून पाळतात. आपण तो भर पावसाळ्यात, मोड आलेल्या वालांचे बिरडे खाऊन सोडतो. वाल का? कारण पावसाळ्यात गावातल्या घरात दुसरे काय असणार? भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल टाकायचा, माघ-फाल्गुनात काढायचा, राख लावून कणगीत ठेवायचा, तो आषाढ-श्रावणात उपयोगी पडायचा. कोकणच्या शेताने यरुशलेमच्या दुखवट्याला भाजी पुरवली. जगात दुसऱ्या कोणत्या ज्यूंकडे असे काही आहे?

उलट बाजूही आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून आपण तेफिलात, म्हणजे प्रार्थनेत, पाऊस मागायला लागतो. ती तारीख प्राचीन बाबिलोनच्या हवामानावरून ठरलेली, आणि मशिदीत ती आपण इमानाने पाळतो. त्या वेळी बाहेर झोडणी चाललेली असते, वाल फुलोऱ्यावर येऊ घातलेला असतो, आंब्याला मोहोर धरायच्या बेतात. त्या आठवड्यात खरोखर पाऊस आला तर सारा गाव आपल्याला शिव्या देईल. माझे वडील ते वाक्य म्हणताना आवाज खाली आणत. लहानपणी मला तो भक्तिभाव वाटायचा.

यंदा तू बिश्वातला, झाडांच्या नव्या वर्षाच्या दिवशी, आम्ही बस करून खंडाळ्याला गेलो. घाटातले खंडाळा नव्हे, अलिबागजवळचे. तिथे खडकावर एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा आहेत, आपल्या लोकांचे नवसाचे ठिकाण. जगातले ज्यू त्या दिवशी झाडे लावतात किंवा सुकामेवा खातात. आपण हन्नाबीला स्मरून मालिदा करतो. मोठ्या परातीत पोहे भिजवले, गूळ घातला, वेलची, सुकामेवा, वर पाच फळे, आणि ओल्या नारळाचा चव. मी कालवायला बसले होते. दोन नारळ खवट निघाले. पोत्यावरचा शिक्का पाहिला तर माल तमिळनाडूचा. अलिबाग तालुक्यात, नारळाच्या बागांच्या मधोमध बसून, झाडांच्या सणाला आम्ही दोन राज्यांच्या हद्दी ओलांडून आलेला नारळ खवत होतो. पोहे कुठले होते मी विचारले नाही. पाच फळांत किवी होते.

परतीच्या वाटेवर बस थांबवायला लावून मी ती वाडी पाहिली. नोटीस त्यानंतर दोन आठवड्यांनी आली.

तर मंडळी, माझे म्हणणे एवढेच आहे की वाडी विकू नका, कसायला घ्या. विकायची तर तुम्हाला सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढावी लागेल, वर्तमानपत्रात जाहिरात, हरकती, वकील, दोन-तीन वर्षे सहज जातील. नारळ लावायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

कसे, ते सांगते. मी शेतकरी नाही, बँकेत नोकरी करून निवृत्त झालेली बाई आहे, पण गेले दीड महिना विचारत फिरले आहे. पंचवीस फुटांवर एक या हिशेबाने बावीस गुंठ्यांत सदतीस-अडतीस नारळ बसतात. आहेत ते चौदा बरे धरले तर वीसेक नवे लावता येतील. बाणवली लावावा, उंच होतो, वाऱ्याला चिवट. खड्डे मेमध्ये खणायचे, तीन फूट लांब-रुंद-खोल, तळाला नारळाची सोडणे आणि शेणखत, लागवड मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर. मधल्या जागेत केळी, कडेने पुन्हा सुपारी, आणि नारळ-सुपारीच्या सावलीत जायफळ, दालचिनी, काळी मिरी. रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने हे करून दाखवले आहे, त्याला लाखी बाग म्हणतात. झावळ्या जाळायच्या नाहीत, आळ्यात आच्छादन करायचे. गेंड्या भुंग्याला औषध मारत सुटण्यापेक्षा कुजलेले ठोंब आधी काढायचे. सुपारीचे ते ठोंब म्हणजे त्याचे माहेरघर झाले असणार, असे शेजारचे काका म्हणाले, आणि काकांचे मला विद्यापीठाइतकेच पटते.

आता धर्माचे. लावलेल्या झाडाचे फळ पहिली तीन वर्षे खायचे नाही, चौथ्या वर्षीचे देवाचे, पाचव्या वर्षापासून आपले. हा ओरलाचा नियम इस्रायलबाहेरही लागू आहे, याबद्दल हजान, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्या, मंडळींत वाद नाही. बाणवलीला पहिला नारळ धरायलाच सहा-सात वर्षे लागतात, त्यामुळे हा नियम पाळण्याचे पुण्य आपल्याला विनासायास लाभेल. तोवर खायचे काय? केळी. केळ धर्मशास्त्राच्या हिशेबात झाड नाहीच. तिच्यावरचा आशीर्वाद आपण झाडाच्या फळाचा म्हणत नाही, जमिनीच्या पिकाचा म्हणतो. तेव्हा ओरला केळीला लागू नाही, पहिल्या लोंगराचे केळे मालिद्याच्या परातीत खुशाल ठेवा.

सुक्कोथच्या सणाचा मांडव घालायला झावळ्या आपल्याच होतील. आणि एथ्रोग! दर वर्षी सुक्कोथला लागणाऱ्या त्या एका फळासाठी किती धावपळ आणि किती खर्च होतो, ते मशिदीचा कारभार पाहणाऱ्या गबईंना विचारा. एथ्रोग म्हणजे आपले महाळुंगच. हे फळ मुळात ईशान्य भारतातले, हिमालयाच्या पायथ्याचे. तिथून ते पश्चिमेला गेले आणि पवित्र होऊन परत आपल्याकडे डब्यात बंद होऊन येते. दुसऱ्या झाडावर कलम केलेल्या झाडाचे चालत नाही, ही मोठी अट. दोन-तीन झाडे विहिरीच्या उताराला लावली तर काय बिघडेल? फळ शास्त्रात बसते की नाही ते जाणकारांनी तपासावे. नाहीच बसले तर मुरंबा करू.

वाडीपलीकडे दहा-बारा गुंठ्यांचा खाचराचा तुकडाही मशिदीच्या नावावर आहे, हे नोटिशीत लिहिलेले नाही. त्यात भात आणि भातानंतर वाल. कडेच्या वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, तीळ. पूर्वी वरकस जमीन नाचणी, वरी, तीळ असे आळीपाळीने घेऊन मग काही वर्षे तशीच सोडून देत. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यावा ही शमिता इस्रायलपुरती लागू, पुढची २०२८ च्या सप्टेंबरात सुरू होईल. पण आपले कुणबी शेजारी तोरा न वाचता जवळपास तेच करत होते. तिळाचे तेल काढायला तालुक्याला आता घाणा आहे, यंत्राचा, पण लाकडी. मशिदीतल्या काचेच्या दिव्यांत निदान सणापुरते तरी आपले तेल जळेल. सध्या त्यातल्या दोन दिव्यांत चिनी बल्ब आहेत.

“करणार कोण?” हा प्रश्न मला बसमध्येच विचारला गेला. रास्त आहे. भारतात आपण चार-पाच हजार उरलो, त्यात गावात राहणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी. नारळ काढणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर झाडामागे पैसे वाजवून घेतो, आणि घ्यावेत, झाडावर चढतो तो. माकडे आहेत. साप आहेत. मुंबईहून शनिवार-रविवार जाऊन शेती होत नाही, शनिवार तर आपल्याला मुळातच नाही.

म्हणून गडी लावावा लागेल, बारमाही, गावातलाच, ठरलेला पगार देऊन. इथे मला जरा जपून बोलायचे आहे. आपल्यापैकी कित्येक घराण्यांच्या जमिनी कूळ कायद्यात गेल्या. आमच्या वडिलांच्या पिढीने त्याबद्दल फार उसासे टाकले. मी टाकत नाही. मालक मुंबईत आणि घाम दुसऱ्याचा, हे फार दिवस चालणार नव्हतेच. तेव्हा आता पुन्हा वाडी कसायची ती मालकीच्या तोऱ्यात नको. आज कोकणातल्या बहुतेक मशिदींची किल्ली कोणाच्या घरात खुंटीला टांगलेली असते? आगरी, कुणबी, मुसलमान शेजाऱ्यांच्या. शब्बाथला दिवा लावायला माणूस नसतो तेव्हा झाडू मारून अंगण स्वच्छ ठेवणारे तेच. शेताचा कोपरा कापायचा नाही, पडलेली कणसे वेचायची नाहीत, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचे नाही, ते गरिबांचे आणि परक्यांचे, असे तोरा सांगते. मिश्ना हा धर्मशास्त्राचा जुना ग्रंथ मापही देतो, साठाव्या भागाहून कमी सोडू नये. आपल्या वाडीचा तो भाग साठावा नको, दहावा ठेवू, आणि तो किल्ली सांभाळणाऱ्यांचा. खरे तर त्या गावात परके आता आपण आहोत.

पैशांचा हिशेब मी केला आहे, सभेत मांडेन. पहिली पाच वर्षे वाडी खाईल, देणार नाही. त्यासाठी मी माझ्याकडून सुरुवातीची रक्कम देते, आणि ठाण्यातल्या तीन घरांनी दर वर्षी एकेका झाडाचा खर्च उचलायचे कबूल केले आहे. छपरासाठी वेगळी वर्गणी काढू. मूठभर माणसांनी इतकी वर्षे मशिदी उभ्या ठेवल्या त्या जमिनी विकून नाही, घरटी वर्गणी काढून.

इस्रायलमधल्या आप्तांनाही दोन ओळी. आमच्या आजोबांच्या सातबाऱ्यावर आज सव्वीस नावे आहेत. त्यातली एकोणीस दिमोना, लोद आणि अश्दोदला. तलाठ्यांनी ती यादी पाहून मला विचारले, “हे लोद कुठल्या तालुक्यात आलं?” तुम्ही संमतिपत्र पाठवत नाही, फोन उचलत नाही, आणि ‘मायबोली’ या तुमच्या मराठी नियतकालिकात मात्र गावाच्या आठवणी लिहिता. आठवणी सुंदर असतात, मी कापून ठेवते. पण वारसनोंदीला त्या जोडता येत नाहीत. तुमच्या नातवंडांना सुट्टीत पाठवा. सैन्यातली नोकरी संपली की ती पोरे पाठीवर पिशवी टाकून गोव्याला आणि मनालीला जातात, हे आम्ही पाहतो. वाटेत अलिबाग आहे. दोन आठवडे वाडीत राहावे, आळी खणावीत, काकांच्या हातचे वालाचे बिरडे खावे, पोपटी, म्हणजे शेंगांचे मडके विस्तवात लावलेच तर आपल्या धर्मात न चालणारे त्यात काय घालायचे नाही तेवढे लक्षात ठेवावे.

माझ्या मागण्या लेखी हव्यात म्हणून लिहिते. विषय क्रमांक चार या सभेपुरता तहकूब करा. त्या पार्टीकडून बयाणा घेतला असेल तर परत करा, घेतला नसेल तर घेऊ नका. वाडी आणि खाचर पाच वर्षांसाठी एका छोट्या समितीकडे द्या, तिच्यात निम्म्या बायका आणि निदान एक माणूस गावातला, मग तो आपल्या धर्माचा नसला तरी चालेल. पाच वर्षांनी वाडी उभी राहिली नाही तर खुशाल विका, मी हरकत घ्यायला येणार नाही. तेव्हा मी सत्तरीत असेन, पायऱ्याही चढवणार नाहीत.

आणि तो दगड कृपा करून हलवू नका. एका विश्वस्तांनी फोनवर सांगितले की तो धुऊन-पुसून मशिदीच्या दारात पाटीसकट ठेवता येईल, पर्यटक येतात त्यांना दाखवायला. कल्पना चांगल्या मनाने सुचली असेल. पण सध्या त्यात कोंबड्या पाणी पितात, ते बरे चालले आहे.

सभा पेसाहनंतरच्या रविवारी आहे. मी सकाळच्या बोटीने येते आहे. खड्डे खणायला दोन गडी काकांनी सांगून ठेवले आहेत, त्यांना हो म्हणायचे की नाही ते सभेत ठरेल. मेअखेरपर्यंत खणून झाले नाहीत तर वर्ष गेले.

आपली,
ठाण्यातील एक बेने इस्रायल बाई